अँकलेट, नी कॅप, खुब्याचा बेल्ट: कुठला पट्टा कामाचा, कुठला नुसताच गरम

पाय मुरगळला, गुडघा धरला, खुब्यात कळ आली की औषधाआधी हात जातो तो पट्ट्याकडे. दुकानात तिन्ही सांध्यांचे पट्टे एकाच खणात असतात, खोक्यांवर तोच निळा-लाल ठिपका आणि तीच 'संपूर्ण आधार'ची ग्वाही. प्रत्यक्षात घोट्याचा चांगला पट्टा खरोखर काम करतो, गुडघ्याचा ठरावीक दुखण्यांतच करतो आणि खुब्याचा जवळपास नाहीच.

कारण साधं आहे. पट्टा कातडीवर बसतो आणि सांभाळायचं असतं ते आतलं हाड. मधे मांस जितकं जास्त, तितकी पकड कमी. घोट्यावर बोट ठेवलं की लगेच हाड लागतं. मांडीवर तेच बोट स्नायूत रुततं. खुब्याचा सांधा तर जांघेच्या मागे इतका खोल आहे की बाहेरून चाचपडूनही सापडत नाही. बाजूला हाताला लागतं आणि लोक ज्याला खुबा म्हणतात, तो मांडीच्या हाडाचा बाहेर आलेला उंचवटा असतो. सांधा त्याच्या आत असतो.

घोटा

नडगीचं जाड हाड आणि त्याच्या बाहेरचं बारीक हाड मिळून खाली एक चिमटा तयार होतो. त्या चिमट्यात टॅलस नावाचं हाड बसतं. बाहेरचा घोटा आतल्यापेक्षा साधारण 1 सेंटिमीटर खाली उतरलेला असतो, त्यामुळे पाऊल बाहेरच्या बाजूला कलायला अडतं, आतल्या बाजूला सहज कलतं. त्यात आतल्या बाजूचा डेल्टॉइड लिगामेंट (लिगामेंट म्हणजे हाडाला हाड बांधणारा चिवट बंध) पंख्यासारखा रुंद आणि दणकट आहे. बाहेर मात्र तीन सुटे लिगामेंट आहेत. टॅलस पुढे रुंद आणि मागे अरुंद असतो. पायरी उतरताना चवडा खाली झुकतो तेव्हा त्याचा अरुंद भाग चिमट्यात येतो आणि सांधा नेमका त्याच वेळी सैल असतो. पाय तिथेच आत वळला की बाहेरच्या तिघांपैकी पुढचा लिगामेंट आधी ताणला जातो किंवा तुटतो. बाहेरच्या घोट्याच्या किंचित पुढे आणि खाली, बोटाच्या टोकाएवढ्या जागी दाबून दुखलं तर तो हाच.

पट्टा घ्यायच्या आधी हाड मोडलेलं नाही ना, हे बघायचं. त्यासाठी कॅनडातल्या ओटावात तयार झालेले नियम जगभर वापरले जातात आणि ते पाठ करण्याइतके सोपे आहेत. घोट्याच्या भागात दुखतंय आणि आतल्या किंवा बाहेरच्या घोट्याच्या हाडाची मागची कड, टोकापासून वर 6 सेंटिमीटरपर्यंत, दाबल्यावर दुखते, तर एक्स-रे. पावलाच्या मधल्या भागात दुखतंय आणि करंगळीच्या रेषेत बाहेरच्या कडेला, साधारण मध्यावर जो हाडाचा उंचवटा लागतो तो दुखतो, किंवा आतल्या बाजूला कमानीच्या वरचं नॅव्हिक्युलर हाड दुखतं, तरी एक्स-रे. आणि दुखापत झाल्याबरोबर व नंतर तपासतानाही, दोन्ही वेळा, चार पावलं टाकता आली नाहीत, लंगडतसुद्धा नाहीत, तर एक्स-रे. सूज किती आली यावर काही ठरत नाही. साध्या मुरगळीतही घोटा लिंबाएवढा टपोरतो आणि मोडलेल्या हाडावर कधीकधी फार सूज दिसत नाही.

आता पट्टे. सगळ्यात जास्त विकला जातो तो मोज्यासारखा लवचिक अँकलेट. तो सूज थोडी आटोक्यात ठेवतो, ऊब देतो आणि 'इथे जपून' एवढी आठवण करून देतो. पाय वळताना थांबवण्याची ताकद त्यात नाही. हातात घेऊन दोन्ही बाजूंनी ओढून बघा. तो जितका ताणतो तितकाच पायावरही ताणणार. पहिले काही दिवस सूज बसायला ठीक, खेळायला उतरताना निरुपयोगी.

क्रेप बँडेजही पहिल्या दोन-तीन दिवसांपुरतंच आणि तेही नीट बांधलं तर. बोटांच्या मुळापासून सुरुवात करून वर जायचं, घोट्यावर इंग्रजी आठच्या आकड्यासारखे फेरे, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्याचा निम्मा भाग झाकेल असा. टाच उघडी सोडली की सूज तिथेच साठते आणि वरून सुरू करून खाली आलात की बोटं फुगतात. बांधून झाल्यावर अंगठ्याचं नख दाबून सोडा. पांढरं पडलेलं नख दोनेक सेकंदांत गुलाबी झालं नाही किंवा मुंग्या आल्या तर सोडून पुन्हा बांधा. झोपताना काढून ठेवा आणि पाय उशीवर घ्या.

पैसे खर्चायचे तर नाडीच्या ब्रेसवर. कापड जाड, न ताणणारं, पुढे बुटासारखी नाडी आणि वरून आठच्या आकड्यात फिरणारे दोन पट्टे. ज्यांचा घोटा आधी एकदा मुरगळलाय त्यांच्यात पुन्हा मुरगळण्याचं प्रमाण अशा ब्रेसमुळे कमी होतं, हे खेळाडूंवरच्या अभ्यासांत वारंवार दिसलंय. या खणातल्या दुसऱ्या कुठल्याही वस्तूबद्दल इतक्या खात्रीने बोलता येणार नाही. चिकटपट्टीचं टेपिंगही सुरुवातीला तितकंच घट्ट असतं, पण अर्धा तास पळापळ झाली की बरंच सैल पडतं, शिवाय बांधायला सराईत हात लागतो. नाडी खेळाच्या मध्यंतरात पुन्हा आवळता येते.

बहुतेक तक्रारी बांधण्याच्या चुकीमुळे येतात. आधी लांब सुती मोजा, सुरकुती न ठेवता. टाच मागे पूर्ण टेकवून पाऊल नडगीशी काटकोनात धरा. चवडा खाली लोंबता ठेवून नाडी आवळली की उभं राहिल्यावर सगळं सैल पडतं. नाडी बोटांकडून वर आवळत या. मग पट्टे. तळव्याखालून आतून बाहेर निघणारा पट्टा बाहेरच्या बाजूने वर खेचून घट्ट लावायचा, कारण पावलाची बाहेरची कड वर धरून ठेवणं हेच त्याचं काम. दुसरा पट्टा तोल सांभाळण्यापुरता, जरा हलका. अनेक जण उलट करतात, आतली बाजू करकचून आवळतात आणि ब्रेस स्वतःच पाऊल आत कलवतो. बुटातलं आतलं तळवं काढलं तर बऱ्याचदा जागा होते. नाहीतर अर्धा नंबर मोठा बूट लागतो.

दोन्ही बाजूंना प्लास्टिकच्या पट्ट्या आणि आत हवेच्या किंवा जेलच्या गाद्या असलेला स्टिरप ब्रेस ताज्या, मध्यम मुरगळीला छान. पाऊल वर-खाली होऊ देतो, आत-बाहेर नाही. खोट एकच. टाचेखालून जाणाऱ्या पट्टीची लांबी जुळवली नाही तर दोन्ही गाद्या घोट्याच्या हाडांवर न बसता खाली टोचतात.

ब्रेस कितीही चांगला असो, मुरगळीत लिगामेंटबरोबर 'पाऊल कुठे आहे' ही जाणीवही बिघडते आणि ती कापडाने परत येत नाही. एका पायावर 30 सेकंद उभं राहणं, ते जमलं की डोळे मिटून, तेही जमलं की घडी घातलेल्या टॉवेलवर, असा रोजचा सराव हवाच. खेळताना ब्रेस पुढचे सहा महिने तरी ठेवावा. घरात बसल्याबसल्या घालायची गरज नाही.

दोन दुखण्यांत या खणातलं काहीच उचलू नका. दुखतंय घोट्याच्या वर, दोन हाडांच्या फटीत, पाऊल बाहेर पिळवटलं गेलं होतं आणि पोटरीच्या मध्यावर दोन्ही हाडं एकमेकांकडे दाबली तर खाली कळ येते? मग चिमटाच सैल झालेला असू शकतो. त्याला तपासणी लागते आणि बहुधा वॉकर बूट, म्हणजे पोटरीपर्यंत येणारा कडक बूट. (तो बूट घातला की तो पाय दोन-तीन सेंटिमीटर उंच होतो. दुसऱ्या पायात तेवढ्याच जाड तळव्याचं पायताण घातलं नाही तर आठवड्याभरात कंबर बोलायला लागते.) दुसरं, मागून कुणी लाथ मारल्यासारखं वाटलं आणि वळून बघितलं तर कुणीच नाही. टाचेच्या वरची, पोटरीचा स्नायू टाचेला बांधणारी अकिलिसची दोरी तुटली की असंच होतं. पालथं झोपून पावलं पलंगाच्या कडेबाहेर ठेवा आणि कुणाला तरी पोटरी दाबायला सांगा. पाऊल हललं नाही तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. अशा वेळी अँकलेट घातला की थोडंफार चालता येतं, आणि त्यातच महत्त्वाचे दिवस जातात.

गुडघा

'नी कॅप' या एका शब्दाखाली निदान पाच वेगळ्या वस्तू विकल्या जातात, म्हणून इथे घोळ जास्त.

मांडीच्या हाडाची दोन गोल टोकं नडगीच्या जवळजवळ सपाट माथ्यावर टेकतात. गोल वस्तू सपाट जागी टिकावी म्हणून मधे अर्धचंद्राच्या दोन गाद्या, म्हणजे मेनिस्कस. आत फुलीसारखे दोन क्रुशिएट लिगामेंट. त्यातला पुढचा, म्हणजे एसीएल, नडगी पुढे सरकू देत नाही आणि पिळाला आवरतो. दोन बाजूंना दोन कोलॅटरल लिगामेंट. पुढून वाटी, मांडीच्या स्नायूच्या दोरीत ओवलेली.

सूज कधी आली हे नीट आठवा, निम्मं निदान त्यातच असतं. पाय रोवलेला, अंग वळलं, आतून 'खट्' झालं आणि दोन-चार तासांत गुडघा टम्म फुगला, तर आत रक्त साठलंय आणि बोट एसीएलकडे जातं. सूज दुसऱ्या दिवशी हळूहळू आली, सांध्याच्या फटीवर दाबून दुखतं, उकिडवं बसून उठताना अडकतं, तर गादी. बाहेरून धक्का बसून आतली बाजू दुखते, तर आतला कोलॅटरल. आणि कधी मार लागलेला नाही पण जिना उतरताना, बराच वेळ बसून उठताना वाटीभोवती ठणकतं, तर वाटीचं दुखणं. गुडघ्यालाही ओटावाचे नियम आहेत: मार लागल्यावर वय 55 किंवा जास्त, फक्त वाटीवर दाबून दुखणं, बाहेरच्या बारीक हाडाच्या डोक्यावर दुखणं, गुडघा काटकोनापर्यंत न वाकणं, चार पावलं न टाकता येणं. यातलं एक जरी असलं तरी एक्स-रे.

साधी, अखंड नी कॅप वाटीच्या दुखण्याला आणि झिजलेल्या गुडघ्याला बरी. हाड ती धरत नाही. ऊब आणि कातडीवरचा दाब यांनी दुखणं जरा मागे सरतं, गुडघ्यावरचा विश्वास वाढतो, माणूस चालायला लागतो. तेवढ्यासाठी घ्यायला हरकत नाही. 'लिगामेंट सपोर्ट' असं खोक्यावर लिहिलेलं असेल तर ते वाक्य सोडून द्या. चुंबक, तांब्याचे धागे यांनी त्यात काही भर पडत नाही.

वाटीसमोर भोक असलेली कॅप निराळी. भोकाभोवती जाड कडं असतं आणि ते वाटीला कडेने धरतं. वाटी निसटते ती जवळपास नेहमी बाहेरच्या बाजूला, म्हणून तशी सवय असलेल्या गुडघ्याला बाहेरच्या बाजूला इंग्रजी जेसारखी जाड उशी असलेली कॅप घ्या. ही डाव्या-उजव्या पायाची वेगळी असते. दुकानदार 'दोन्हीला चालते' म्हणाला तर ती ही नव्हे. घालून झाल्यावर वाटी भोकाच्या बरोबर मधे हवी. कडं वाटीच्या वर चढलं की वाटी मागे दाबली जाते आणि जिन्यावर दुखणं वाढतं.

अरुंद पटेला स्ट्रॅप ही छोटी पण गुणी वस्तू आहे, दुखणं वाटीच्या खालच्या दोरीत असेल तरच. उडी मारून खाली येताना वाटीच्या खालच्या टोकाशी दुखतं, त्यांच्यासाठी. स्ट्रॅपची जागा वाटीचं टोक आणि नडगीवरचा उंचवटा यांच्या मधे, मऊ भागात. वाटीवर बांधली तर फुकट. बांधून एकदा अर्धं बसून बघा. दुखणं तिथल्या तिथे कमी झालं नाही तर जागा अर्धा सेंटिमीटर वर-खाली करा, तरीही नाही तर परत करून टाका.

हिंज ब्रेस, म्हणजे दोन्ही बाजूंना धातूच्या बिजागऱ्या, आतल्या कोलॅटरलच्या दुखापतीत मनापासून सुचवावा असा. तो लिगामेंट बहुतेक वेळा शस्त्रक्रियेशिवाय सांधतो आणि त्या काळात गुडघा आत कलू न देणं एवढंच हवं असतं. तुटलेल्या एसीएलला मात्र तो धरून ठेवू शकत नाही. चालताना बरं वाटतं, पण पाय रोवून वळताना आतली नडगी सरकायची ती सरकतेच. बिजागरी वाटीच्या मध्याच्या उंचीवर आणि बाजूने बघितलं तर मध्यापासून किंचित मागे यायला हवी. पण मांडी शंकूसारखी निमुळती असल्याने ब्रेस चालता चालता खाली घसरतो. दोन-तीन सेंटिमीटर घसरला की त्याची बिजागरी एका जागी वाकते आणि गुडघा दुसऱ्या जागी. उपाय एवढाच, की आधी वाटीच्या लगेच खालचा, पोटरीच्या वरचा पट्टा आवळायचा. ब्रेस पोटरीच्या फुगवट्यावर टेकला की खाली उतरत नाही. मांडीचे पट्टे त्यानंतर.

पण तिथेच सगळ्यात मोठा धोका आहे. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, बारीक हाडाचं डोकं गोटीसारखं हाताला लागतं. त्याच्या लगेच खाली, हाडाच्या मानेला वळसा घालून एक मज्जातंतू जातो, अगदी कातडीखालून. पट्टा किंवा बिजागरीची कड तिथे रुतली की पावलाच्या वरच्या बाजूला बधिरपणा येतो, मग अंगठा वर उचलेनासा होतो आणि शेवटी पाऊल लोंबतं. बारीक अंगाच्या माणसांना, आणि झोपेतही ब्रेस घालणाऱ्यांना याचा त्रास जास्त. बांधल्यावर दर दोन तासांनी अंगठा वर करून बघा. जमत नसेल तर पट्टा लगेच सोडा आणि डॉक्टरांना दाखवा.

माप घेताना उभं राहून, गुडघा किंचित वाकवून वाटीच्या मध्यापासून 15 सेंटिमीटर वर मांडीचा घेर आणि तितकंच खाली पोटरीचा घेर घ्या. काही कंपन्या वाटीवरचा घेर मागतात, तेव्हा खोक्यावरची आकृती बघूनच टेप लावा. दोन मापांच्या मधे पडलात तर मोठं घ्या. कॅप घालून बसल्यावर गुडघ्यामागच्या लवणीत कापडाची गुंडाळी होत असेल तर ती तुमची नव्हे. मागून रक्तवाहिन्या जातात. पोटरी एकाच बाजूची सुजली, गरम झाली, दुखू लागली तर पट्टा सैल करून घरी थांबू नका, शिरेत गुठळी झालेली असू शकते.

कापडात निओप्रीन, म्हणजे रबरी कापड, ऊबदार पण घामट. काहींना त्यातल्या रसायनांनी पुरळ येतं, ते बरोबर पट्ट्याच्या आकारात उमटतं. विणलेली कॅप हवेशीर, मात्र गरम पाण्यात धुतली किंवा कडक उन्हात वाळवली की महिन्यात सैल. वेल्क्रो बंद करून, गार पाण्यात, हाताने धुवा आणि सावलीत वाळवा.

लांब नी ब्रेस, मांडीपासून पोटरीपर्यंत सळया घातलेला, हा घरात पडलाय म्हणून घालायची वस्तू नव्हे. गुडघा सरळ धरला की मांडीचा पुढचा स्नायू काही दिवसांतच उतरायला लागतो आणि तो परत भरायला महिने जातात. डॉक्टरांनी सांगितलंय तितकेच दिवस, आणि तेवढ्या काळात पाय सरळ ठेवून मांडी आवळणं, 5 सेकंद धरणं, असं दिवसातून अनेकदा. आतल्या बाजूने झिजलेल्या गुडघ्यासाठी तीन ठिकाणी दाब देऊन भार बाहेर सरकवणारे अनलोडर ब्रेसही मिळतात. काहींना त्याने खरंच चालणं सुधारतं. पण ते मापाने बसवावे लागतात, आणि बोजड असल्याने बरेच जण काही महिन्यांत बाजूला टाकतात.

खुबा

मांडीच्या हाडाचा चेंडू कमरेच्या हाडातल्या खोल वाटीत, कडेने लॅब्रमची रबरासारखी किनार आणि पुढून शरीरातला सगळ्यात बळकट समजला जाणारा इलिओफेमोरल लिगामेंट. निसर्गानेच इतकं बांधलंय की बाहेरून बांधायला काही उरत नाही. कमरेभोवती आणि मांडीभोवती गुंडाळायचा खुब्याचा बेल्ट जांघेचा ताणलेला स्नायू दाबून धरतो, तेवढा त्याचा उपयोग. सांध्याची झीज, लॅब्रमची चीर, कुशीवर झोपल्यावर बाहेरच्या उंचवट्यावर दुखणं, यांना त्याने काही होत नाही. उलट त्या उंचवट्यावरचे स्नायुबंध दुखत असतील तर बेल्टचा दाब आगीत तेल. तिथे दोन गुडघ्यांच्या मधे उशी घेऊन झोपणं जास्त कामाला येतं.

एक चकवा इथे सांगायलाच हवा. खुबा बिघडलेला असतो आणि दुखतो गुडघा, कारण दोन्हीकडे जाणाऱ्या नसा एकाच मुळाच्या. गुडघा दाबून, वाकवून कुठेच दुखत नाही पण पाय आत फिरवला की कळ येते, तर नी कॅप परत ठेवा आणि खुब्याचा एक्स-रे काढा. वाढत्या वयाचं मूल गुडघा दुखतो म्हणून लंगडत असेल तर हे आणखी महत्त्वाचं. त्या वयात मांडीच्या हाडाचा चेंडू त्याच्या मानेवरून, म्हणजे चेंडूखालच्या अरुंद भागावरून, घसरू शकतो आणि तक्रार गुडघ्याचीच येते. म्हातारं माणूस पडलं, उठता येत नाही आणि पडलेला पाय आखूड होऊन बाहेर फिरलेला दिसतो, तर मांडीच्या हाडाची मान मोडलीय असं धरून चाला. उभं करायचा प्रयत्न करू नका.

पडण्याच्या भीतीसाठी दोन्ही बाजूंना गाद्या शिवलेल्या चड्ड्या मिळतात. वृद्धाश्रमातल्या रहिवाशांत त्यांनी खुबा मोडण्याचं प्रमाण थोडं कमी होतं, पण गादी उंचवट्यावर आणि चड्डी अंगावर असेल तरच. रात्री शौचाला उठताना ती खुंटीवर असते, आणि माणूस पडतो तो नेमका तेव्हा.

खुब्याला खरा आधार हवा तर काठी. एका पायावर उभं राहिलं की खुब्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो, कारण ढुंगणाच्या बाजूचे स्नायू कमर तोलायला ओढत असतात. दुखऱ्या पायाच्या उलट हातात काठी धरली की त्या स्नायूंचं काम हलकं होतं आणि सांध्यावरचा भार लक्षणीय उतरतो. त्याच बाजूला धरली तर माणूस दुखऱ्या पायावरच झुकतो. काठी आणि दुखरा पाय एकदम पुढे टाकायचे. उंची बघायला रोजची चप्पल घालून ताठ उभे राहा, हात सैल सोडा. मूठ मनगटाच्या घडीशी यायला हवी, म्हणजे धरल्यावर कोपर 20 ते 30 अंश वाकतं. त्याहून उंच घेतली की खांदा चढतो, बुटकी घेतली की पाठ वाकते.

घेताना काठी उलटी करून टोकाची रबरी टोपी बघा. रुंद, खालून चक्राकार नक्षी असलेली आणि बाजारात सुटी मिळणारी हवी. नक्षीचा मधला भाग गुळगुळीत झाला की टोपी बदला, ओल्या फरशीवर तीच घसरते.